काळ्या कोटावरचे दिवे

खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी जी फेरीबोट आहे, तिच्यावर दोर फेकायचं काम एक बाई करायची. तिला दोन्ही काठांवर दोरवाली म्हणत. खरं नाव होतं तिला, पण ते फक्त तिची आई घ्यायची, आणि तेही रागावली म्हणजे. दोर ती असा फेके की वेटोळं थेट धक्क्यावरच्या खुंटावर जाऊन पडावं. कधी चुकलाच, तर आधी खुंटाला शिव्या, मग वाऱ्याला, आणि त्यातूनही उरल्या तर स्वतःला. बाई मोठी फटकळ. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण सकाळी जो तिची बोलणी खाई, तोच संध्याकाळी तिच्यासाठी वाफाळता चहा घेऊन धक्क्यावर उभा असे.

बोट चालवायचे तिचे थोरले दीर. ती त्यांना भाऊजी म्हणे, बाकी सगळे कप्तान. भाऊजी मुळातच कमी बोलत, आणि गेलं वर्षभर तर एक गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. अंधार पडला की त्यांना प्रत्येक दिव्याभोवती पिंजारलेल्या कापसासारखं वर्तुळ दिसे, आणि दोन दिवे जवळजवळ आले की त्यांचा एकच गोळा होई. दोरवालीला हे न सांगताच कळलं होतं. दिवस मावळला की ती दोर गुंडाळून सुकाणूच्या खोलीत त्यांच्याशेजारी येऊन उभी राही. समोर काही लुकलुकलं की भाऊजी विचारत, "कोण आहे?" आणि ती सांगे.

आता रात्रीच्या पाण्यावर बोट काही दिसत नाही, दिसतात ते तिचे दिवे. डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा, पाठीला पांढरा, डोलकाठीवर पांढरा. त्यावरून बोट कुठल्या अंगानं दिसते आहे, कुठं चालली आहे आणि काय करते आहे हे ठरवायचं असतं. दोरवाली यातलं काहीच करत नसे. ती दिवे वाचत नसे, ती बोटी ओळखत असे. तांबडा दिवा मरतुकडा आणि मधूनच फडफडला, की ती 'म्हैस'. म्हैस म्हणजे पलीकडच्या दगडखाणीची काळी, रुंद टग. ती दिवसभर दगडांनी भरलेले बार्ज, म्हणजे इंजिन नसलेल्या सपाट नावा, तारेनं ओढायची आणि संध्याकाळी एकटीच हुंकार देत घरी जायची. दिवे एका बाजूला कललेले दिसले, की ती 'लंगडी', मासेमारीची जुनी बोट. शेजारणीला जिन्यातल्या पावलांवरून ओळखावं तशी ही बाई खाडीतल्या सगळ्या बोटींना ओळखायची, आणि याचा तिला भारी तोरा होता.

म्हणूनच, भाऊजींच्या निवृत्तीचं घाटू लागलं आणि फेरीच्या कचेरीनं विचारलं की अंधारातली फेरी पुढे कोण चालवणार, तेव्हा दोरवालीनं पदर खोचला. दिवसा बोट चालवायचा परवाना तिनं केव्हाच काढून ठेवला होता. रात्रीचा तेवढा राहिला होता, आणि त्याची परीक्षा तोंडी.

"दिव्यांचीच ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "मग झालंच की."

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधे एक लांब, अंधारा बोळ. पाण्याशी त्याचा उभा दावा. बोटीत पाय ठेवला की पोट ढवळतं म्हणून लग्नाचं वऱ्हाडसुद्धा त्यानं पुलावरून नेलं होतं, एवढा लांबचा वळसा घालून. तो दातात दोरा धरून म्हणाला, "झालंच म्हणू नकोस. आधी होऊ दे."

परीक्षकाच्या खोलीत खिडक्या झाकलेल्या होत्या आणि भिंतीवर काळा फळा होता. फळ्यावर बारीक बारीक दिवे. परीक्षक म्हणजे घसा बसलेला, नीटनेटका, म्हातारा माणूस. त्यानं बटण दाबलं. एकावर एक दोन पांढरे दिवे लागले आणि त्यांच्याखाली एक तांबडा.

"काय आहे, बाई?"

तांबडा दिवा जुना होता, जरा फडफडत होता. दोरवालीचा चेहरा उजळला. "ही तर म्हैस! दगडखाणीची. या वेळी रिकामी घरी जाते."

परीक्षक हसला नाही. त्यानं दुसरा दिवा लावला, तिसरा लावला. प्रत्येक वेळी तिनं कोणाचं तरी नाव घेतलं, कोणाच्या तरी बोटीची खोड सांगितली, एकदा तर मालकाच्या भांडकुदळ बायकोपर्यंत जाऊन आली. शेवटी त्यानं खोलीतला मोठा दिवा लावला.

"बाई, फळ्यावर कोणी ओळखीचं नसतं," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला काय माहीत आहे ते मी विचारत नाही. दिवे काय सांगताहेत ते विचारतोय. परत या."

दोरवाली जी तणतणत घरी आली, ती रात्री जेवेपर्यंत तणतणतच होती. म्हाताऱ्यानं आयुष्यात आपली खाडी पाहिली नाही आणि आपल्याला शिकवतो! तिनं त्याच्या नावानं बोटं मोडली. लेक पलीकडच्या काठावर मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला होती. ती आईची बाजू घेऊन म्हणाली, "जाऊ दे गं. बोट चालवायला फळा कुठे लागतो?" शिंपी बाहीला काजं करत राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. कारखाना सुटल्यावरची शेवटची फेरी. दिवस लहान झाले होते, काठ सोडेतोवर काळोख पडला. आत बाकांवर कारखान्यातल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, त्यांतच लेकही होती. खाडीच्या मध्यावर उजवीकडून दिवे आले.

"कोण आहे?" भाऊजींनी विचारलं.

तांबडा दिवा फडफडत होता. हुंकारही ओळखीचा होता. "म्हैस," दोरवाली म्हणाली. "चालली घरी. जाऊ द्या पुढे, आपण मागून काढू."

भाऊजींनी बोट उजवीकडे वळवली, म्हणजे म्हशीच्या पाठीमागून जावं. म्हैस समोरून डावीकडे सरकली. समोर नुसता काळोख राहिला, आणि त्या काळोखात उजवीकडे, पाण्याला जवळजवळ टेकून, एक तांबडा ठिपका दिसला. एवढासा. दोरवालीनं मान वळवून म्हशीकडे पाहिलं. डोलकाठीवर एक नव्हे, दोन पांढरे दिवे होते, एकावर एक. ते मघापासूनच होते. तिनं पाहिलेही होते, फक्त मोजले नव्हते. टग मागे काही ओढत असली की एकावर एक दोन पांढरे लावते, हे तिला पाठ होतं. म्हैस आज एकटी नव्हती. तो तांबडा ठिपका तिच्यामागच्या बार्जचा होता, आणि दोघांच्या मधे पोलादी तार होती. फेरीबोट सरळ त्या तारेवर चालली होती.

"मागे!" दोरवाली किंचाळली. "भाऊजी, मागे घ्या! पूर्ण मागे!"

इंजिन ओरडलं, बोट थरथरली, बाकांवरच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. नाकासमोर हातभर अंतरावर पाण्यातून तार वर आली, ताणली गेली, गळत राहिली आणि पुन्हा बुडाली. मग दगडांनी भरलेला बार्ज समोरून गेला, भिंत चालत जावी तसा. आतल्या बायकांना काही कळलं नाही. एकीनं विचारलं, "काय गं, गाळात रुतली की काय?" दोरवालीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

धक्क्याला बोट बांधली, सगळ्या बायका उतरल्या, तरी भाऊजी चाकावर हात ठेवून बसूनच होते.

"भाऊजी, माझी चूक," ती म्हणाली.

"बोट मी चालवत होतो," भाऊजी म्हणाले. त्यानंतर ते सरळ कचेरीत गेले आणि डोळ्यांचं सगळं सांगून आले. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पाटी लागली, अंधारानंतर फेरी बंद. रात्री चालवायचा परवाना असलेला माणूस हिवाळा संपेपर्यंत मिळाला तर ठीक, नाहीतर संध्याकाळची फेरी वेळापत्रकातूनच काढून टाकणार.

कारखान्यातल्या बायका पुलावरून बसनं येऊ लागल्या. म्हणजे आधी बसची वाट बघा, मग गाडीत उभ्या राहा, मग उतरून चाला. ज्या घरी पोरं लहान होती तिथं पोरं झोपल्यावर आया पोचत. दोरवालीची लेक घरी यायची ती अर्धी झोपेतच. एकदा तर ताटावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, हातातला घास हातातच. दोरवालीनं तो घास हळूच काढून घेतला, तिचा हात पुसला, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि पुढच्या खोलीत नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी परीक्षा देणार," ती म्हणाली. "आणि पास होणार. पण मला दिवे दिसतच नाहीत हो. दिवा दिसायच्या आत बोटच दिसते. काय करू?"

शिंप्यानं मशीन थांबवलं. "अगं, सगळ्यांत धोक्याचं गिऱ्हाईक कुठलं, माहीत आहे?"

"उधारीवालं."

"छे. ओळखीचं. नवीन माणसाचं माप आपण नीट घेतोच. जुना माणूस आला की वाटतं, याला काय मापायचं, वीस वर्षं शिवतोय. आणि जुन्या मापावर कापड बेततो. तोवर त्याचं पोट सुटलेलं असतं. म्हणून मी सख्ख्या भावाचंसुद्धा माप दरवेळी नवं घेतो. टेप लावल्याशिवाय माणसाकडे बघतच नाही."

दोरवाली त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कामाचं असं काही बोलेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि तसं तिनं तोंडावर बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी शिंप्यानं खुंटीवरचा काळा ओव्हरकोट काढला. कोण्या गिऱ्हाइकानं शिवायला टाकला होता तो नेलाच नव्हता. त्याच्या एका खांद्यावर त्यानं काचेचं मोठं तांबडं बटण लावलं, दुसऱ्यावर हिरवं, पाठीवर कमरेशी पांढरं. काळ्या टोपीवर पुढच्या बाजूला एकाखाली एक टिचबटणं बसवली, म्हणजे हवे ते रंग वरखाली लावता यावेत. संध्याकाळी बोळातला दिवा मालवला, बोळाच्या एका टोकाला दोरवाली बॅटरी घेऊन बसली, आणि दुसऱ्या टोकाकडून तिचा नवरा बोट होऊन निघाला.

"थांबा, थांबा," ती ओरडली. "तांबडा तुमच्या उजव्या खांद्यावर आलाय! ही बोट उलटी चालली आहे."

"कोट माझ्यासमोर टांगलेला होता," शिंपी म्हणाला. "माझ्या डावीकडे लावला तो."

"इतकी वर्षं शिंपी आहात ना?"

"इतकी वर्षं मी शर्ट शिवतोय. बोटी नाही."

बटणांची अदलाबदल झाली आणि मग रोजचा नेमच ठरला. शिंपी बोळातून कधी आडवा जाई, कधी पाठ करून, कधी सरळ अंगावर येई. टोपीवर हिरव्याखाली पांढरं लावलं की जाळं ओढत चाललेली बोट. तांबड्याखाली पांढरं म्हणजे दुसऱ्या तऱ्हेची मासेमारी. पांढऱ्याखाली तांबडं म्हणजे मोठ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या वाटाड्याची बोट. तांबड्याखाली तांबडं म्हणजे जिच्यावर कोणाचा ताबा उरला नाही अशी बोट, तिच्यापासून लांब राहायचं. ही खूण शिंप्याला फारच आवडली. कामाचा कंटाळा आला की तो टोपीवर दोन तांबडी लावून स्वयंपाकघराच्या दारात उभा राही आणि म्हणे, "आज मी ताब्यात नाही. चहा कर." एका संध्याकाळी शेजारीण पीठ मागायला आली, तिनं काळा कोट घातलेला माणूस अंधारात गोल गोल फिरताना पाहिला, आणि पीठ न घेताच गेली. पुढे कितीतरी दिवस ती दोरवालीला हळू आवाजात विचारायची, "यांना बरं आहे ना गं आता?"

पण खोड सहजी जात नव्हती. "तुमचा गुडघा दुखतोय, म्हणजे आज तुम्ही हळू येणार," दोरवाली म्हणून जाई. किंवा, "काल जाळंवाली लावली होती, ती काढायचा आळस केलात, तीच आहे ही." शिंपी तिथल्या तिथं थांबे. "माप घे," एवढंच म्हणे आणि परत बोळाच्या टोकाला जाई. ती स्वतःवर चिडे, कपाळावर हात मारून घेई, आणि पुन्हा बसे. हात टेकायचे नाहीत असा तिनं चंगच बांधला होता. दिवसा बोटीवर दोर फेकतानाही ओठांतल्या ओठांत पुटपुटे. वरून खाली, रंग, संख्या, मग अंग. नाव नाही. नाव घ्यायचंच नाही.

एका सुट्टीच्या संध्याकाळी बोळात कोट आला तो नेहमीपेक्षा उंच वाटला. दोरवालीच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, तिनं जीभ चावली. टोपीवर दोन पांढरी बटणं, एकाखाली एक. खांद्यावर तांबडं.

"दोन पांढरे, एकावर एक," ती सावकाश म्हणाली. "खाली तांबडा. टग आहे, काहीतरी ओढते आहे, डावं अंग आपल्याकडे आहे. आपल्या उजवीकडून डावीकडे चालली आहे." आणि ती बॅटरी तशीच धरून बसली.

"मग जा की मागून," अंधारातून नवऱ्याचा आवाज आला.

"नाही. मागचं दिसल्याशिवाय नाही."

तेव्हा कोटाच्या मागून, पार लांबून, कोणीतरी जमिनीवर रांगत पुढे आलं. खांद्यावर एक तांबडं बटण टाचलेलं. ती लेक होती, तोंडावर हात दाबून हसू आवरत होती. शिंपी मागच्या खोलीतून टाळ्या पिटत आला. कोटातल्या माणसानं टोपी काढली. भाऊजी होते. अंधारातली फेरी बंद झाल्यापासून ते या घरात आले नव्हते.

सगळे हसले, भाऊजी तेवढे हसले नाहीत. ते बोळातच भिंतीला टेकून बसले.

"त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय," ते म्हणाले. "तू चुकीचं सांगितलंस, हे खरं. पण मी विचारलं काय होतं? कोण आहे, असं विचारलं होतं. तू कोण आहे ते सांगितलंस. वर्षभर मी तुला तेच विचारत आलो. काय दिसतंय, असं एकदाही विचारलं नाही."

आपली चूक भाऊजींनी अर्धी उचलून घेतली याचं दोरवालीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली. ती उठून चहा ठेवायला गेली.

हिवाळा सरत आला असताना तिला परीक्षेला बोलावलं. तीच खोली, तोच फळा, तोच म्हातारा. त्याचा घसा अजून बसलेलाच होता. एकेक दिवा लागत गेला आणि ती माप घेत गेली. वरून खाली, रंग, संख्या, अंग. मग त्यानं एकच पांढरा दिवा लावला.

"पाठमोरी चाललेली बोट असेल," ती म्हणाली. "नांगरून उभी असलेली असेल. एखादी लहान होडीही असेल. एवढ्यावरून कळत नाही. कळेपर्यंत मी वेग कमी ठेवीन."

परीक्षकानं मान हलवली आणि शेवटचं बटण दाबलं. दोन पांढरे, खाली तांबडा. तोच तांबडा, तसाच फडफडणारा. म्हशीचं नाव दोरवालीच्या अगदी दातांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं आणि सांगितलं काय ओढते आहे, कुठलं अंग दिसतंय, कुणी कुणाला वाट द्यायची. "आणि मागचं सगळं पुढे गेल्याशिवाय मी तिच्या मागून बोट नेणार नाही."

"आणि मागे काहीच नसलं तर?"

"तर वाट बघण्यात माझा वेळ गेला. जाऊ दे."

म्हाताऱ्यानं खोलीतला दिवा लावला. परवाना हातात देताना तो एवढंच म्हणाला, "तो तांबडा दिवा बदलायला हवा, फार फडफडतो."

"असू द्या," दोरवाली म्हणाली. "कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

धक्क्यावरची पाटी उतरली. पहिल्या संध्याकाळी कारखान्यातल्या बायका बोटीत शिरल्या त्या गलका करतच. बोट डोक्यावर घेतली त्यांनी. चाकावर दोरवाली होती. दोर कोण फेकणार हा प्रश्न होता, तो भाऊजींनीच सोडवला. धक्क्यावर दिवा असतो, खुंट जवळ असतो, तेवढं मला दिसतं, असं म्हणून त्यांनी दोर खांद्यावर घेतला होता. लेकीनं त्यांना लगेच "दोरवाले काका" म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

खाडीच्या मध्यावर भाऊजी सुकाणूच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. डावीकडे काहीतरी लुकलुकलं.

"को..." ते थांबले. "काय दिसतंय?"

"एक पांढरा, खाली हिरवा. उजवं अंग आपल्याकडे. एकटीच आहे. तिनं आपल्याला वाट द्यायची." ती बघत राहिली, त्या बोटीनं खरोखरच वाट देईपर्यंत बघत राहिली. मग पुढे निघाली.

घरचा धक्का जवळ आला. धक्क्याच्या अगदी टोकाला, जिथं पाण्याला भिणारा माणूस कधी फिरकत नाही, तिथं एक उजेड होता. बॅटरीचा, कोणीतरी स्वतःवरच धरलेला. लेक खिडकीतून ओरडली, "आई, अगं बघ ना, बा..."

"गप्प बस," दोरवाली म्हणाली आणि वेग कमी केला.

भाऊजींनी दोराचं वेटोळं हातात घेतलं. त्यांना समोर पिंजारलेला गोळा तेवढा दिसत असणार. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"वर एक पांढरा. त्याच्याखाली हिरवा आणि तांबडा, दोन्ही." तिनं पुन्हा एकदा वरून खाली मोजलं. "म्हणजे तोंड आपल्याकडे आहे. हलत नाही."

"कोण आहे?"

"बोट बांधल्यावर सांगते," दोरवाली म्हणाली.